महाड व पोलादपूर येथील अध्यक्षीय शाल, साखळी आणि तत्सम अंगवस्त्रे : एक अभ्यास

लंडनच्या लॉर्ड मेयरच्या गळ्यात सोन्याची जी साखळी असते ती सर जॉन अ‍ॅलन यांनी १५४५ साली शहरासाठी ठेवून दिली. डब्लिनच्या लॉर्ड मेयरला विल्यम तिसरा या राजाने १६९८ मध्ये साखळी दिली. फ्रान्स-इटलीकडचे मेयर तिरंगी पट्टा बांधतात, जर्मनीत पुन्हा साखळीच. महाडच्या नगराध्यक्षांच्या गळ्यात काय असते, यावर मात्र आमच्या विद्वानांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही. पोलादपूरच्या बाबतीत तर हा प्रश्न कोणाला पडल्याचेही ऐकिवात नाही. ही उणीव भरून काढण्याचा भार प्रस्तुत लेखकाने नाइलाजाने, पण काहीशा उत्साहानेच, अंगावर घेतला आहे.

प्रथम अभ्यासक्षेत्राची मर्यादा सांगितली पाहिजे. सावित्रीच्या खोऱ्यात, मुंबई-गोवा महामार्गावर महाड आहे. तिथून वीसेक किलोमीटरवर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी पोलादपूर. महाडला नगरपरिषद, पोलादपूरला नगरपंचायत. महापौर दोन्हीकडे नाही, कारण महापौर व्हायला महानगरपालिका लागते आणि अख्ख्या रायगड जिल्ह्यात ती एकच, पनवेलची, तीही १ ऑक्टोबर २०१६ पासूनची. ज्या जिल्ह्यात ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, ज्या सिंहासनाच्या आजूबाजूला सोनेरी भाल्यांवर मासे, अश्वपुच्छे आणि न्यायाचा तराजू पाहून हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलाने सगळे टिपून ठेवले, त्या जिल्ह्याला महापौर मिळायला त्यानंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षे गेली. छत्रपती आधी आणि महापौर मागाहून, हा क्रम जगात दुर्मीळ असावा.

आता कोणी म्हणेल, महापौर नाही, झगा नाही, साखळी नाही, मग प्रबंध कशाचा? हा आक्षेप विद्यापीठीय संशोधनाशी परिचय नसल्याचे लक्षण आहे. वस्तू उपलब्ध नसेल तर उलट लिहायला मोकळीक जास्त.

कायद्यापासून सुरुवात करू. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ यात गटारे आहेत, दिवाबत्ती आहे, मोकाट कुत्री आहेत, सभेचे अध्यक्षस्थान कोणी घ्यायचे तेही आहे. त्या स्थानावर बसणाऱ्याने अंगात काय घालायचे, याबद्दल विधिमंडळाने मौन पाळले. या मौनामागे शहाणपण असावे असा आमचा तर्क आहे. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हेच आपल्याकडे ठरत नाही. २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये नगरसेवकांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. अशा परिस्थितीत शिंप्याने माप तरी कोणाचे घ्यायचे? शिवाय २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक पालिकांमध्ये निवडणुकाच लांबल्या आणि प्रशासक बसले. प्रशासकाचे तसे बरे असते. त्याला वस्त्र लागत नाही, त्याला शासन निर्णय पुरतो.

झगा या प्रकाराचे हिंदुस्थानातले आगमन फार जुने आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १६८८ साली मद्रासला नगरपालिका स्थापली तेव्हा मेयर आणि आल्डरमन यांच्यासाठी लाल सर्जचे झगे आणि साध्या सभासदांसाठी पांढरे चिनी रेशीम असा थाट ठरला होता. सर्ज म्हणजे लोकरी कापड. मद्रासच्या हवेत लोकरीचे कापड अंगावर घेऊन शहराची चिंता वाहायची म्हणजे त्या माणसांची निष्ठा वादातीत होती. आजही चेन्नईचे महापौर लाल झगा आणि साखळी घालून सभागृहात येतात. मुंबईत १९३१ पर्यंत कॉर्पोरेशनला नुसता अध्यक्षच होता, मेयर हे बिरुद त्या साली आले. पण मुंबईकराचे लक्ष झग्यापेक्षा राजदंडावर जास्त. आमच्याकडच्या महानगरपालिकांत विरोधी पक्षाचा नगरसेवक राजदंड उचलतो आणि पळतो, शिपाई मागे धावतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. विधानसभेतही हा खेळ अनेकदा झाला आहे. मानचिन्हाचा पळवण्यासाठी इतका सातत्याने उपयोग अन्य कुठल्या लोकशाहीने केला असेल असे वाटत नाही. लहान गावच्या सभागृहात राजदंड नसतो, त्यामुळे तिथे माईक ओढावा लागतो. त्याला वायर असल्याने फार लांब पळता येत नाही.

महाडच्या हवेचा विचार केला तर सर्जचा झगा पहिल्या फेरीतच बाद होतो. चहूकडून डोंगर, समुद्राचा वारा वाटेतच थकलेला, आणि मे महिन्यात दुपारी बाजारपेठेतून चालताना अंगावरचा सदरासुद्धा नकोसा होतो. पुढे जूनपासून पाऊस सुरू झाला की वाळत घातलेले कापड गणपतीपर्यंत दमटच. अशा ठिकाणी फरची किनार लावलेला झगा शिवलाच तर त्यात पहिल्याच पावसाळ्यात बुरशी मुक्काम करील आणि पुढच्या अध्यक्षाला तिच्यासकट पदभार स्वीकारावा लागेल. लंडनला झगा कपाटात राहतो, म्हणून शतकानुशतके टिकतो. महाडला कपाटाचीच शाश्वती नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारी एकदमच गावात शिरल्या तेव्हा बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले होते, आणि ज्यांनी ते दिवस काढले त्यांना कपाट या वस्तूवर फारसे प्रेम उरलेले नाही.

मात्र यावरून या मुलखाला मानाच्या वस्त्रांचे वावडे आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. वस्तुस्थिती उलट आहे. पेशव्याला पेशवा करणारी गोष्ट म्हणजे साताऱ्याहून छत्रपतींकडून येणारी वस्त्रे. बापाची गादी मुलाकडे जायची ठरली तरी वस्त्रे आल्याशिवाय ती जात नसे. या वस्त्रांच्या इतिहासात महाडचे स्थान इतके मोठे आहे की नगरपरिषदेने प्रवेशद्वारावर तसा फलक लावायला हरकत नाही. सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरात गेले. पुढचा पेशवा कोण, यावर पुण्यात जे रामायण झाले त्यात नाना फडणवीसांनी १७९६ मध्ये सातारा गाठला आणि चिमाजी आप्पांसाठी वस्त्रांची सोय केली. चिमाजी आप्पा पेशवे झाले. मग वारे फिरले आणि नाना वाईहून घाट उतरून महाडात येऊन बसले. इथून त्यांनी निजाम, शिंदे, भोसले, जो जो हाताशी लागेल त्याच्याशी पत्रव्यवहार चालवला. त्यातून निजामाशी झालेला करार इतिहासात महाडचा तह म्हणूनच ओळखला जातो. वर्ष संपता संपता डिसेंबरमध्ये पेशवाईची वस्त्रे चिमाजी आप्पांचे थोरले बंधू बाजीराव यांच्या अंगावर होती.

एका वर्षात एकाच पदाची वस्त्रे दोन भावांना, आणि दोरी महाडातून हललेली. लंडनने सोळाव्या शतकापासून साखळी जपली म्हणून मिरवावे, पण इतक्या कमी वेळात मानवस्त्रांची इतकी उलाढाल त्यांना जमलेली नाही. सहा वर्षांनी यशवंतराव होळकरांनी हडपसरला मोड केल्यावर तेच बाजीराव पळत महाडला आले. पळताना पेशवाईची वस्त्रे काही उपयोगी पडत नाहीत, घोडा पडतो. पण तो विषय आमच्या कक्षेबाहेरचा आहे.

या प्रकरणावरून मानवस्त्रांचा जो मूलभूत सिद्धान्त हाती येतो तो इथेच मांडतो: वस्त्र किती भारी आहे हे कापडावरून कळत नाही, ते कोणाच्या हातून अंगावर आले त्यावरून कळते. जो वस्त्र देतो तो मोठा, जो घेतो तो त्याच्या खालचा. मोगलांना हे पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांच्या दरबारात खिलतीचा एवढा बडेजाव. मे १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात शहजाद्याला, जाफरखानाला, जसवंतसिंहाला खिलती मिळाल्या आणि शिवाजी महाराजांना वगळले. महाराज संतापून बाजूला जाऊन बसले. मग बादशहाने घाईघाईने माणसे पाठवली, की यांना खिलत घाला आणि समोर आणा. महाराजांनी ती घेतली नाही. आम्हाला ज्ञात असलेल्या मानवस्त्रांच्या इतिहासात सर्वांत गाजलेला पोशाख हा न घातलेला पोशाख आहे, याकडे पाश्चात्त्य अभ्यासकांनी लक्ष पुरवावे.

आता साखळी. यासाठी पोलादपूरला जावे लागेल. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी दाखवतात, ज्यांच्या शिवभारतात अफझलखानाच्या भेटीचे वर्णन आहे. आणि ती भेट जिथे झाली तो प्रतापगड पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की लागतो, जिल्हा बदलतो एवढेच. १० नोव्हेंबर १६५९ रोजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातले होते. चिलखत म्हणजे काय, तर लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून केलेला अंगरखा. म्हणजेच झगा आणि साखळी या दोन मानचिन्हांचा संगम. युरोपात या दोन वस्तू वेगवेगळ्या घालतात, आमच्याकडे त्या एकाच वस्त्रात होत्या. आणि ते वस्त्र ज्या आलिंगनासाठी घातले होते त्यात उपयोगी पडले. नगराध्यक्षांना निवडणुकीनंतर ज्या संख्येने आलिंगने स्वीकारावी लागतात ती पाहता हा पोशाख पुन्हा सुरू करावा काय, यावर विचार व्हायला हरकत नाही.

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठ गावी तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. सिंहगडच्या लढाईनंतर, फेब्रुवारी १६७० मध्ये, महाराजांनी आपल्या गळ्यातली कवड्यांची माळ तानाजींच्या पार्थिवावर ठेवली आणि ती घराण्याने आजवर जपली, अशी परंपरा आहे. कवडी ही काही मोलाची वस्तू नव्हे. पण या परिसरात गळ्यातल्या ज्या एका अलंकाराविषयी हा प्रबंधकार थट्टा करणार नाही तो हाच.

इतके झाल्यावर प्रत्यक्ष वर्तमानाकडे वळू. आजच्या महाड-पोलादपूरचे अध्यक्षीय वस्त्र कोणते? निरीक्षणांती उत्तर एकच येते: शाल. सोबत श्रीफळ आणि पुष्पगुच्छ असतात, पण ते उपांगे. नारळाचे शेवटी वाटण होते आणि गुच्छ गाडीच्या डिकीत कोमेजतो. शाल उरते.

शालीचे शरीरशास्त्र असे. लांबी खांद्यांवरून दोन्हीकडे लोंबेल इतकी, रुंदी त्याहून कमी, रंग बहुधा केशरी, मोरपंखी किंवा मरून, काठाला चंदेरी अथवा सोनेरी धाग्याची वेलबुट्टी. जाडी अशी की तिच्यातून पलीकडचा बॅनर वाचता यावा. ऊब हा तिचा गुणधर्म नाही आणि कोकणात कोणी तशी अपेक्षाही करत नाही. ती पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत येते आणि पुष्कळदा त्याच पिशवीत परत जाते. यातल्या बऱ्याच शाली पानिपत-लुधियानाकडून येतात. पानिपत हे जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढून नवी कांबळी विणण्याचे मोठे केंद्र आहे, त्यामुळे तिथून येणाऱ्या वस्त्राचा पूर्वजन्म काय होता हे सांगणे कठीण. १७६१ मध्ये पानिपताकडे आपले जे गेले ते परत आले नाही. आता तिकडून जे येते आहे ते अगदीच विरळ विणीचे आहे, पण येते आहे.

शाल पांघरवण्याचा विधी मोठा बारकाईने पाहण्यासारखा असतो. सूत्रसंचालक माईकवर म्हणतो, ‘आपल्या गावाचे लाडके नगराध्यक्ष, यांचा सत्कार शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ देऊन अमुक यांच्या शुभहस्ते करण्यात येत आहे.’ यात वजन नगराध्यक्षांच्या नावावर नसते, ‘शुभहस्ते’ या जागी कोणाचे नाव आले त्यावर असते. निमंत्रणपत्रिकेत याच एका ओळीवरून दोन गट पडल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील. म्हणजे आग्र्याचा सिद्धान्त इथेही लागू पडतो. फरक इतकाच की खिलत वरून खाली यायची, आजची शाल बहुतेक वेळा खालून वर जाते. देणाऱ्याचे काहीतरी काम असते. घेणाऱ्याला ते ठाऊक असते. दोघेही कॅमेऱ्याकडे पाहून हसतात.

शालीला कोपरे चार, पण तिला लागणारे हात मोजून पाहावेत. मुख्य पाहुण्याने मधला भाग धरायचा, एका टोकाला मंडळाचे अध्यक्ष, दुसऱ्या टोकाला खजिनदार, आणि नुसते बोट लागले तरी पुरे अशा भावनेने मागून सरसावलेले तिघे. ‘भाऊ, जरा इकडे बघा!’ असे छायाचित्रकार ओरडतो त्या क्षणी सत्कारमूर्ती कापडाआड दिसेनाशी झालेली असते. या अवस्थेला आम्ही शालीय ग्रहण असे नाव सुचवतो. ग्रहण सुटल्यावर सत्कारमूर्ती तिसऱ्या क्षणाला शाल खांद्यावरून उतरवते, घडी न घालता मागे सरकवते आणि खुर्चीमागे उभा असलेला एक माणूस ती घेतो. या माणसाला पद नाही, मानधन नाही, पत्रिकेत नाव नाही. तरीही शालींच्या सगळ्या व्यवहाराचा खरा कोठावळा तोच. लंडनला या कामासाठी स्वतंत्र अधिकारी नेमलेले असतात. आमच्याकडे तो नगराध्यक्षांचा भाचा असतो.

यानंतरचा प्रवास. गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, महाशिवरात्रीला वीरेश्वराचा छबिना, शाळांची स्नेहसंमेलने, क्रिकेटच्या स्पर्धा, रस्त्यांची भूमिपूजने आणि त्याच रस्त्यांची पुन्हा भूमिपूजने. प्रत्येक ठिकाणी एक शाल. नगराध्यक्षांच्या घरी माळ्यावर पिशव्यांची रास लागते. मग घरातूनच विचारणा होते, की आता यांचे करायचे काय? एखाद्या निवृत्त शिक्षकांचा सत्कार असतो, नगराध्यक्षांनी काही न्यायला हवे असते, आणि माळ्यावरची एक पिशवी खाली उतरते. शिक्षकांकडून ती जावयाकडे, जावयाकडून पोलादपूरच्या पतसंस्थेत, तिथल्या वार्षिक सभेतून प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यावर. प्रमुख पाहुणे महाडचे. अशा रीतीने शाल घाटाखालच्या या पट्ट्यात फिरत राहते. ती झिजत नाही, कारण अंगावर ती फारतर दोन मिनिटे असते. ती संपत नाही, कारण ती कोणी वापरत नाही. यावरून आम्ही असे मानतो की तालुक्यातल्या शालींची एकूण संख्या बरीचशी स्थिर असून वाढतात ते फक्त सत्कार.

इथे लंडन आणि महाड यांच्यातला मुख्य भेद स्पष्ट होतो. तिकडे झगा एक आणि त्यात शिरणारी माणसे अनेक. पदाची मुदत संपली की माणूस घरी जातो, झगा तिथेच राहतो. आमच्याकडे माणूस एक आणि त्याच्यावर पडणारी वस्त्रे अनेक, आणि ती सगळी त्याच्या घरी जातात. तिकडे वस्त्र पदाचे, इकडे वस्त्र माणसाचे. म्हणूनच आमच्याकडे माजी नगराध्यक्षाचाही सत्कार तितक्याच जोरात होतो. त्याच्याकडे साखळी परत मागायला कोणी येत नाही.

हाराविषयी दोन शब्द. पूर्वी झेंडूचा किंवा गुलाबाचा हार गळ्यात मावत असे. अलीकडे निवडणूक जिंकलेल्या माणसासाठी क्रेन आणतात, तिच्या आकड्याला खोलीएवढा हार टांगतात आणि जेसीबीच्या बकेटमधून फुले उधळतात. हा हार गळ्यात घालायचा नसतो, त्याच्या खाली उभे राहायचे असते. कुठल्याही युरोपीय शहराने आपल्या मेयरच्या डोक्यावर यंत्राने साखळी लटकवल्याचे आमच्या वाचनात नाही. फेट्याचा विषय मोठा आणि स्फोटक असल्याने तो टाळतो; जून २०१८ मध्ये शरद पवारांनी पुण्याच्या सभेत सत्काराला पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरा असे सांगितले आणि महाराष्ट्र त्यावर किती दिवस बोलत होता, ते वाचकांना आठवत असेल.

फुले पगडीचा उल्लेख आला म्हणून सांगितले पाहिजे, की नगरपालिका आणि मानपान या विषयातला आपला पहिला मोठा टीकाकार जोतीराव फुलेच. ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा ठराव आला तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे निघाले. पुढे मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला सारे शहर जरीकाठात नटून आले असता ते शेतकऱ्याच्या साध्या वेशात गेले. शाल त्यांच्याही अंगावर होती म्हणतात. फाटकी होती.

महाडच्या नगरपालिकेचा विचार करताना याच धाग्याने पुढे यावे लागते, आणि इथे थोडा वेळ थट्टा बाजूला ठेवतो. मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला, आणि महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केले. नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून सुरेंद्रनाथ टिपणीस यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. ठराव कागदावर होता. त्यावर पाणी घेऊन उभे राहण्यासाठी २० मार्च १९२७ यावा लागला आणि डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला. खटला मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात संपला, तळे सर्वांचे ठरले. जगातल्या किती पालिकांच्या सभागृहात, किती भारी झग्यांतून, एवढ्या वजनाचा ठराव पास झाला असेल?

आमच्या विषयाशी अधिक जवळची गोष्ट १९२७ च्याच डिसेंबरातली. मनुस्मृती जाळली त्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, आणि बोलले ते कपड्यांवर नि दागिन्यांवर. लुगडे गुडघ्याशी आखूड नेसायची तुमची पद्धत, गळ्यातल्या त्या जड सऱ्या, हातापायांतले चांदी-कथलाचे वाळे, ही तुमच्या अस्पृश्यतेची ओळखपत्रे आहेत, ती टाकून द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. परिषदेतच स्त्रियांनी नेसणे बदलले, आणि नव्या पद्धतीने नेसायला टिपणिसांच्या घरच्या बाईंनी मदत केली. आमचा मघाचा सिद्धान्त, की वस्त्र कोणाच्या हातून अंगावर येते ते पाहावे, इथे गडबडतो. कारण इथे कोणी कोणाला वस्त्र दिले नाही, कोणी वरून पांघरवले नाही, सूत्रसंचालक नव्हता. ज्यांच्या अंगावर होते त्यांनीच ते स्वतःच्या हातांनी बदलले, आणि साखळ्या घालण्याऐवजी काढून ठेवल्या. महाडच्या वस्त्रेतिहासाचा मुकुटमणी आम्ही या दिवसाला मानतो. बाकीचा प्रबंध त्यापुढे शालीइतकाच पातळ आहे.

तरीही प्रबंध म्हटला की शेवटी शिफारशी लागतात. महाड आणि पोलादपूरला अधिकृत अध्यक्षीय पोशाख हवाच असेल तर तो इथल्या हवेला आणि इथल्या कामाला साजेसा असावा. पावसाळी सभेसाठी इरले सुचवतो. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे हे पाठकवच घालून लावणीच्या दिवसांत बायामाणसे चिखलात वाकून उभी राहतात. ते डोक्यापासून कमरेपर्यंत झाकते आणि दोन्ही हात कामाला मोकळे ठेवते. झगा घातलेल्या अध्यक्षाला गटारात डोकावता येत नाही, इरले घेतलेल्याला येते. हिवाळ्यासाठी पोलादपूरच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांवर वापरतात तसली काळी घोंगडी पुरेशी आहे. ती शालीसारखी कोणाला पुढे देता येत नाही, कारण ती घेतलेला माणूस ती सोडत नाही. उन्हाळ्यासाठी आम्ही काहीही सुचवत नाही, महाडच्या उन्हाळ्यात सदराच पुष्कळ.

खरेदीत अडचण आहे. इरल्यासाठी तीन दरपत्रके मागवावी लागतील आणि इरले विणणाऱ्या म्हातारबुवांकडे जीएसटी क्रमांक नसेल. मग ठेका मिळेल तो प्लास्टिकचे इरले पुरवणाऱ्या एखाद्या एजन्सीला, आणि लेखापरीक्षक दोन वर्षांनी विचारतील की पोशाख साठा नोंदवहीत का दिसत नाही.

साखळीच्या जागी काय, यावर बराच खल केल्यावर एकच वस्तू सर्व कसोट्यांना उतरली. गावात पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनकडे लोखंडी टी आकाराची लांब चावी असते. ती खांद्यावर टाकून तो पहाटे निघतो. कोणत्या आळीला आज पाणी आधी, कोणत्या आळीला उशिरा, कोणाच्या दारावरून जाताना ती चावी दोन आटे जास्त फिरते, हे तो जाणतो आणि सगळे गाव त्याला ‘दादा’ म्हणून हाक मारते. पुढारी येतात-जातात, प्रशासक येतात, वस्त्रे साताऱ्याहून येवोत की पानिपतहून. चावी फिरली तरच नळाला धार येते. हे मानचिन्ह नगराध्यक्षांच्या गळ्यात अडकवावे अशी आमची ठाम शिफारस आहे. वजनाने ते डब्लिनच्या साखळीला हार जाणार नाही आणि सभेत कोणी हिसकावून पळायला गेले तर त्याचा वेगही बेताचाच राहील.

फक्त चावी पहाटे साडेपाचला परत करावी लागेल.